पर्यटनाच्या गावात स्थानिक दुकाने टिकवण्यासाठी जमीनवापराचे नियम कसे मागावेत, कसे लिहावेत

थंडीच्या दिवसांत पहाटे पाचच्या सुमारास आमच्या गावच्या बाजारचौकात सफारीच्या जिप्सी गाड्यांची रांग लागायची. गाव ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या बफर क्षेत्रात, म्हणजे गाभ्याच्या जंगलाभोवतीच्या पट्ट्यात आहे. प्रवेशद्वार उघडेपर्यंतच्या पाऊण तासात पर्यटक गाडीतून उतरत, शेकोटीशी उभे राहत, चहा-पोहे घेत, आणि दुपारी परतताना कोणी मोहफुलांचे लाडू तर कोणी बांबूची टोपली विकत घेई. पुढे गाड्या उभ्या करण्याची जागा चौकातून हलवून गावाबाहेरच्या एका खासगी आवारात नेण्यात आली. तिथे जागा ऐसपैस होती आणि गावातली गर्दीही कमी झाली. या बदलात कोणताही नियम मोडला गेला नाही, कारण त्याविषयी कोणी नियम केलेलाच नव्हता. एका हंगामात चौकातले बहुतेक ठेले बंद पडले. तिथे अनेक वर्षे चहा विकणाऱ्या मावशी मला तेव्हा म्हणाल्या, "भाऊ, लोकं माह्या चहासाठी थोडीच उतरतात? गाडी थांबते म्हणून चहा पेतात."

त्यानंतर ग्रामपंचायत सदस्य म्हणून काम करताना मी नकाशे, ठराव आणि हरकती यांच्यामागे बराच फिरलो. मावशींनी एका वाक्यात जे सांगितले तेच नियोजनाच्या भाषेत कसे मांडावे आणि मंजूर करून कसे घ्यावे, हे या लेखात क्रमाने सांगत आहे. मोहर्ली, कोलारा यांसारखी प्रवेशद्वाराची गावे, पेंच आणि नवेगाव-नागझिरा परिसरातील गावे, चिखलदरा, लोणार, मार्कंडा अशा ठिकाणच्या ग्रामपंचायत सदस्यांना, नगरसेवकांना आणि दुकानदारांना त्याचा उपयोग व्हावा, अशी अपेक्षा आहे.

नियम माणसाला नव्हे, जागेला लागतो

ग्रामसभेत पहिली मागणी बहुधा अशी येते की, "गावात फक्त गावच्याच माणसाला दुकान टाकू द्यावे." या मागणीमागची कळकळ खरी आहे, पण नियम म्हणून ती टिकणार नाही. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १९ ने प्रत्येक नागरिकाला देशात कोठेही राहण्याचा आणि व्यवसाय करण्याचा हक्क दिला आहे. त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात, मात्र अर्जदाराचे गाव कोणते, हा जमीनवापराच्या निर्बंधाचा आधार होऊ शकत नाही. अशा शब्दांत केलेला ठराव वरच्या कार्यालयातून परत येतो आणि त्याबरोबर ठरावातल्या चांगल्या मागण्याही परत येतात. आमचा पहिला ठराव असाच परत आला होता.

जमीनवापराचा नियम जागेविषयी बोलतो. दुकानाची दर्शनी रुंदी किती असावी, तळमजल्यावर काय चालावे, मोठे हॉटेल कोणत्या रस्त्यालगत यावे, वाहनतळ कोठे असावा, बाजाराची जागा कोणती, एवढ्यांवर तो अधिकाराने बोलू शकतो. दहा फूट रुंदीचा गाळा मोठ्या कंपनीला सहसा परवडत नाही आणि गावच्या माणसाला तेवढाच परवडतो. त्यामुळे माप योग्य ठरले की नावे घालण्याची गरज उरत नाही. अमेरिकेत काही गावांनी साखळी दुकानांविरुद्ध थेट नियम केले आहेत. नान्टकेट बेटावरील जुन्या बाजारपेठेत २००६ पासून नव्या साखळी दुकानांना बंदी आहे, आणि सॅन फ्रान्सिस्कोत इतरत्र अकरा किंवा अधिक शाखा असलेल्या दुकानाला बऱ्याच भागांत वेगळी विशेष परवानगी घ्यावी लागते. तिथेही मालकाचा पत्ता विचारला जात नाही, व्यवसायाचे स्वरूप पाहिले जाते. आपल्याकडील नियमावलीत असा साखळी दुकानांचा प्रवर्ग नाही, म्हणून आपल्याला मापांच्या, वापराच्या आणि जागेच्या मार्गानेच जावे लागते.

"गावच्यांनाच" ही अट एका ठिकाणी मात्र बऱ्याच अंशी घालता येते, आणि ते ठिकाण म्हणजे ग्रामपंचायतीचे स्वतःचे गाळे. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

आपल्या जमिनीवर कोणाचे राज्य आहे, ते आधी शोधावे

या पायरीवर घाई करू नये, कारण चुकीच्या कार्यालयाला पाठवलेला उत्तम अर्जही वाया जातो. गावाचा एकच नकाशा डोळ्यांपुढे असला तरी त्याच्यावर पाच-सहा कायदे एकमेकांवर पसरलेले असतात.

गावठाणाच्या आत इमारत बांधायची तर महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ५२ अन्वये ग्रामपंचायतीची परवानगी लागते. गावठाणाबाहेरच्या शेतजमिनी बहुधा प्रादेशिक योजनेत, म्हणजे मोठ्या प्रदेशाच्या जमीनवापराच्या आराखड्यात येतात. तिथे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ चे कलम १८ लागू होते आणि वापर बदलण्याची परवानगी जिल्हाधिकाऱ्यांकडे मागावी लागते. नगर परिषद किंवा नगर पंचायत असेल तर तिची विकास योजना पाहावी. इमारतींच्या मापांसाठी २०२० च्या डिसेंबरपासून राज्याच्या बहुतांश भागात एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. ती मुंबईला लागू नाही हे सर्वांना माहीत असते, पण गिरिस्थान नगर परिषदा आणि केंद्र शासनाने अधिसूचित केलेली पर्यावरण संवेदनशील क्षेत्रेही (संरक्षित जंगलाभोवतीचे निर्बंधांचे पट्टे) तिच्या बाहेर ठेवली आहेत, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून चिखलदऱ्याच्या दुकानदाराने वर्धा किंवा भंडाऱ्यातील नियमावलीचा दाखला देऊन उपयोग नाही. चिखलदरा परिसरासाठी सिडको हे राज्य शासनाचे महामंडळ विशेष नियोजन प्राधिकरण आहे, हेही तिथल्या अर्जदाराने लक्षात ठेवावे.

व्याघ्र प्रकल्प, राष्ट्रीय उद्यान किंवा अभयारण्याच्या शेजारी गाव असेल तर पर्यावरण संवेदनशील क्षेत्राची अधिसूचना मिळवून शब्दन् शब्द वाचावी. अशा अधिसूचनांत साधारणपणे तीन तरतुदी सापडतात. पहिलीनुसार, संरक्षित क्षेत्राच्या सीमेपासून १ किलोमीटरच्या आत, किंवा संवेदनशील क्षेत्राची हद्द त्याआधी संपत असेल तर तिथपर्यंत, नवे व्यावसायिक हॉटेल वा रिसॉर्ट उभारता येत नाही. निसर्ग पर्यटनासाठीच्या लहान तात्पुरत्या बांधकामांना मात्र मुभा असते. दुसरीनुसार, स्थानिक रहिवाशांना स्वतःच्या वापरासाठी स्वतःच्या जमिनीवर बांधकाम करता येते. तिसरीनुसार, राज्य शासनाने स्थानिक लोकांशी विचारविनिमय करून क्षेत्रीय बृहत् आराखडा आणि त्यातच पर्यटनाचा आराखडा तयार करायचा असतो. ही तिसरी तरतूद माझ्या मते गावाच्या हातातले सर्वांत मोठे साधन आहे. विचारविनिमय हा तिथे शासनाचा उपकार ठरत नाही, ती अधिसूचनेनेच घातलेली अट असते, आणि लेखी मागणी केली तर ती डावलणे कठीण जाते.

लोणारसारख्या ठिकाणी, जिथे वस्तीतच राष्ट्रीय संरक्षित स्मारके आहेत, तिथे प्राचीन स्मारकांच्या कायद्यात २०१० मध्ये झालेली दुरुस्ती लागू होते. स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटर प्रतिषिद्ध आणि त्यापुढील २०० मीटर विनियमित क्षेत्र असते. या पट्ट्यात नव्या गाळ्यांची मागणी करण्यात वेळ दवडू नये. जुन्या दुकानांच्या दुरुस्तीची परवानगी मागावी आणि नव्या बाजाराची जागा पट्ट्याच्या बाहेर सुचवावी.

धारणी आणि चिखलदरा तालुक्यांसह विदर्भातील अनुसूचित क्षेत्रात आणखी दोन कायदे स्थानिकांच्या बाजूने उभे आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ मुळे आदिवासी व्यक्तीची जमीन बिगर आदिवासी व्यक्तीला विकायची वा भाडेपट्ट्याने द्यायची असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी घ्यावी लागते. तसेच १९९६ च्या पेसा कायद्याने (अनुसूचित क्षेत्रातील पंचायतींसाठीचा कायदा) गावबाजाराचे व्यवस्थापन करण्याचा अधिकार ग्रामसभा आणि पंचायतीकडे दिला आहे. पर्यटनाच्या गावात बाजार कोठे भरावा आणि ओटे कसे वाटावेत, यापेक्षा मोठा प्रश्न क्वचितच असतो. तरी या अधिकाराचा वापर करणारे ठराव माझ्या पाहण्यात फार थोडे आले आहेत.

कागद पुढीलप्रमाणे जमवावेत. तलाठ्याकडून गाव नकाशा आणि संबंधित गट क्रमांकांचे सातबारे घ्यावेत. जिल्ह्याच्या नगररचना शाखेकडून प्रत्येक गटाचा झोन दाखला (जमीन कोणत्या वापराच्या विभागात येते याचा दाखला) आणि भाग नकाशा मागावा. ड्रोन मोजणी झालेल्या गावठाणात स्वामित्व योजनेची मालमत्ता पत्रके भूमी अभिलेख कार्यालयातून मिळतात. घराचा कागद नसल्याने ज्यांना घरगुती निवासाची (होम-स्टेची) नोंदणी करता आली नाही, अशांना हे पत्रक फार कामाचे आहे.

नकाशा हातात घेऊन गाव चालावे

नियम लिहिण्याआधी स्वतः मोजणी करावी. दोन दिवस निवडावेत. पहिला दिवस हंगामातला रविवार असावा आणि दुसरा ऑगस्टमधला कोणताही बाजारदिवस. ताडोबाचे गाभा क्षेत्र १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असते. त्या तीन महिन्यांत कोणती दुकाने उघडी राहतात, यावरून कोणते दुकान गावाच्या गरजेवर चालते आणि कोणते केवळ पर्यटकावर, हे लगेच कळते. पर्यटकांसाठी नियम करताना किराणा, पिठाची गिरणी, सायकल दुरुस्ती आणि कृषी सेवा केंद्र चौकातून हुसकले जाणार नाही, याची काळजी घ्यावी लागते, आणि ती काळजी ऑगस्टच्या नोंदींतूनच घेता येते.

आम्ही दोन तरुण आणि बचत गटातील एक ताई असे मिळून फीत घेऊन निघालो होतो. प्रत्येक दुकानाची दर्शनी रुंदी, खोली, जागा कोणाची, चालवणारे कोण, पाणी कोठून येते आणि गाडी कोठे थांबते, एवढेच वहीत लिहिले. जुन्या बाजाररस्त्यावरची बहुतेक दुकाने ८ ते १२ फूट रुंदीची निघाली. चहाच्या ठेल्याची ओटी ६ फूट लांब, वर बांबूचा मांडव, मागे घराचे दार. बांबूकाम करणाऱ्या एका कुटुंबाचे काम अंगणात चालत होते आणि टोपल्या रस्त्याकडच्या कुंपणाला टांगलेल्या होत्या. त्यांना दुकानापेक्षा हिरवा बांबू भिजवायला आणि कामट्या काढायला लागणारे अंगण जास्त मोलाचे होते. ही नोंद झाली नसती तर आम्ही त्यांच्यासाठी व्यापारी संकुलातला गाळा मागितला असता आणि त्यांचे काम बंद पाडले असते. म्हणूनच मोजणी कार्यालयात बसून करू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

कोणते नियम मागावेत

सर्वप्रथम वाहनतळ. गाड्या उभ्या राहण्याची आणि पर्यटकांच्या नोंदणीची जागा बाजारापासून चालत पाच मिनिटांच्या आत असावी, अशी मागणी आराखड्यात नकाशावर खूण करून घालावी. त्यासाठी शक्यतो ग्रामपंचायतीची किंवा शासकीय जमीन सुचवावी. गुरे गोळा होतात ते आखर मात्र सहज मोकळे दिसते म्हणून सुचवू नये. गुराख्यांशी बोलल्याशिवाय त्याला हात लावणे अन्यायाचे आहे. वाहनतळ आणि प्रवेशद्वार यांच्यामधल्या पायवाटेच्या दोन्ही बाजूंना ओट्यांची जागा ठेवावी. जमीन वन विभागाची असेल तर प्रस्ताव ग्राम परिस्थितीकीय विकास समितीमार्फत (वन विभागाबरोबर काम करणारी गावची समिती) क्षेत्र संचालकांच्या कार्यालयाकडे न्यावा लागतो.

दुसरी मागणी बाजाररस्त्याच्या तळमजल्याची. नियमावलीत निवासी विभागातली दुकानांची मुभा रस्त्याच्या रुंदीशी जोडलेली असते, आणि इथेच एक धोका आहे. व्यापारी वापर वाढावा म्हणून रस्ता रुंद करण्याची रेषा जुन्या बाजारातून आखली जाते, आणि त्या रेषेत नेमकी आठ-दहा फूट खोलीची दुकाने जातात. मागे उरलेल्या मोठ्या भूखंडांवर मग नव्या इमारती येतात. म्हणून जुन्या बाजाररस्त्याची रुंदी आहे तेवढीच ठेवावी, जड वाहनांसाठी गावाबाहेरून वळणरस्ता काढावा आणि बाजाररस्त्याला पादचारी बाजारपेठ म्हणून दाखवावे, असे मागावे. सोबत तीन मापे सुचवावीत : एका दुकानाची दर्शनी रुंदी जास्तीत जास्त १५ फूट असावी, दोन लगतचे गाळे जोडून एक करण्यास मनाई असावी, आणि तळमजल्याचा रस्त्याकडील भाग दुकान, खानावळ किंवा कारागिरी यांसाठीच वापरला जावा. १५ फूट ही आमच्या गावच्या मोजणीवरून काढलेली संख्या आहे. आपल्या गावचे माप आपल्या वहीतूनच काढावे.

लहान दुकानाला स्वतःचे वाहनतळ सोडण्याच्या अटीतून सूट मागणे अत्यंत आवश्यक आहे. सामाईक वाहनतळ असताना दहा फुटी दुकानाला वेगळी गाडीची जागा मागणे म्हणजे ते दुकान होऊच न देणे आहे. त्याचप्रमाणे सर्व दुकानांचे दर्शनी रूप एकसारखे, महागड्या साहित्याचे असावे, असे सौंदर्यीकरणाचे नियम पुढे आले तर त्यांना लेखी विरोध करावा. कौल, बांबू, मातीचे लिंपण हे स्थानिक आणि स्वस्त साहित्य वापरण्याची मुभा मात्र आवर्जून मागावी. पाट्यांच्या आकाराचा आणि प्रखर दिव्यांचा नियम एका ओळीत घातला तरी पुरे. जंगलाशेजारी त्याला कोणाची हरकत नसते.

तिसरी मागणी घरगुती निवासाची. ज्या घरात मालक स्वतः राहतो अशा घरातील चार-पाच खोल्या पर्यटकांना देणे हा निवासी वापरच मानला जावा, त्याला व्यापारी वापराचा कर, वाहनतळ आणि रस्तारुंदीची अट लागू नये, असे शब्द वापरावेत. 'मालक स्वतः राहतो' ही तीन शब्दांची अट फार महत्त्वाची आहे. ती नसेल तर गावठाणातली घरे विकत घेऊन ती लहान हॉटेले म्हणून चालवली जातात आणि गावातल्या तरुणाला भाड्याने घर मिळेनासे होते.

मोठ्या रिसॉर्टविषयी आपली भूमिका स्पष्ट असावी. ते गावात रोजगार आणते, हे मला मान्य आहे, आणि त्याला केवळ विरोधासाठी विरोध करू नये. मात्र ते कोठे यावे हे गावाने आधी सांगितले पाहिजे. पांदण रस्ता, ओढा, तलावाचे पाणलोट आणि वन्यप्राण्यांच्या येण्याजाण्याच्या वाटा सोडून, पक्क्या रस्त्यालगतचा पट्टा नकाशावर दाखवावा. परवानगीच्या अटींत दोन गोष्टी सुचवाव्यात : आवारातील दुकानांचे क्षेत्र मर्यादित असावे आणि आवार व गावाचा बाजार यांच्यात सर्वांसाठी खुली पायवाट असावी. पाण्याच्या स्रोताचा दाखला जोडल्याशिवाय अर्ज विचारात घेऊ नये, हीही मागणी घालावी. उन्हाळ्यात विहिरींचे पाणी खाली जाते तेव्हा पहिला हंडा कोणाचा रिकामा राहतो, ते सर्वांनी पाहिले आहे.

आठवडी बाजाराच्या जागेचे आरक्षण मागताना एक कायदेशीर बाब ध्यानात ठेवावी. खासगी जमिनीवर आरक्षण टाकले आणि अंतिम विकास योजना अमलात आल्यापासून १० वर्षांत ती जमीन संपादित झाली नाही, तर नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ नुसार मालक सूचना देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण संपते. लहान नगर पंचायतीकडे संपादनासाठी पैसा नसतो. म्हणून बाजाराचे आरक्षण शासकीय किंवा पंचायतीच्या जागेवरच मागावे.

ठेलेवाल्यांसाठी वेगळा कायदा आहे

नगर परिषद वा नगर पंचायत असलेल्या गावांत पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचे संरक्षण करणारा २०१४ चा कायदा लागू होतो. त्यानुसार नगर पथविक्री समिती स्थापन करावी लागते. समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडून आलेले असावे लागतात आणि त्यांतील किमान एक तृतीयांश महिला असाव्या लागतात. दर पाच वर्षांनी विक्रेत्यांचे सर्वेक्षण होते, आणि ते पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणत्याही विक्रेत्याला हटवता येत नाही. लोकसंख्येच्या २.५ टक्के या प्रमाणापर्यंत विक्रेत्यांना जागा देणे या कायद्याने अपेक्षित आहे. पर्यटनाच्या गावात यात्रेच्या किंवा सुटीच्या दिवसांत 'स्वच्छता' या नावाखाली ठेले उचलले जातात. अशा वेळी समिती अस्तित्वात आहे का आणि सर्वेक्षण झाले आहे का, हे दोन प्रश्न लेखी विचारावेत. ग्रामपंचायतीच्या गावात मात्र या कायद्यावर विसंबून राहता येत नाही. तिथे ओट्यांची जागा ठरावाने निश्चित करून घेणे हाच मार्ग आहे.

ग्रामपंचायतीचे गाळे

ग्रामपंचायत स्वतःच्या गाळ्यांची मालक असते. मालक म्हणून भाडेकराराच्या अटी ठरवताना तिला बचत गट, भूमिहीन कुटुंबे, कारागीर आणि जंगलबंदीमुळे ज्यांची उपजीविका गेली अशी कुटुंबे यांना सार्वजनिक हेतूने प्राधान्य देता येते. मात्र निकष आधी जाहीर करावेत, अर्ज मागवावेत, सोडत ग्रामसभेसमोर काढावी आणि जिल्हा परिषदेच्या नियमांप्रमाणे मंजुरी घ्यावी. करारात पोटभाडेकरू ठेवण्यास मनाई असावी आणि गाळा सलग काही महिने बंद राहिल्यास तो परत घेण्याची तरतूद असावी. बंद महिन्यांची मोजणी करताना जुलै ते सप्टेंबर वगळावेत. आमच्याकडे ही शेवटची दुरुस्ती बचत गटातील महिलांनी सुचवली, कारण त्या महिन्यांत त्या भाताच्या रोवणीला जातात. भाड्याचाही विचार याच अंगाने करावा. बारा महिन्यांचे समान भाडे घेण्यापेक्षा नऊ महिन्यांत विभागून घेतलेले भाडे लहान दुकानदाराला झेपते.

ठराव कसा लिहावा आणि कोठे पाठवावा

ग्रामसभेच्या नेहमीच्या तारखांपैकी १५ ऑगस्टची सभा या कामासाठी सर्वांत सोयीची वाटते. गाभा क्षेत्र बंद असल्याने गाईड, जिप्सीचालक आणि ठेलेवाले घरी असतात. आदल्या महिला सभेत विषय मांडून घ्यावा, दवंडी द्यावी, नकाशा भिंतीवर लावावा. गणपूर्तीसाठी १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी कमी असेल ती संख्या लागते. स्वाक्षऱ्या सभेतच घ्याव्यात. नंतर घरोघरी घेतलेल्या स्वाक्षऱ्यांनी ठराव वादात सापडतो.

ठरावात मागणी, कारण आणि जागा या तिन्हींचा उल्लेख असावा. नमुना असा : "मौजे ... येथील गट क्रमांक ... ते ... लगतच्या बाजाररस्त्यावरील अस्तित्वातील दुकानांची दर्शनी रुंदी, सोबत जोडलेल्या मोजणीपत्रकानुसार, ८ ते १२ फूट आहे. सदर रस्ता पादचारी बाजारपेठ म्हणून दर्शवावा, त्यालगतच्या प्रत्येक दुकानाची दर्शनी रुंदी १५ फुटांपेक्षा अधिक नसावी, लगतचे गाळे एकत्र करण्यास मनाई असावी व अशा दुकानांना स्वतंत्र वाहनतळाच्या अटीतून सूट द्यावी, तसेच गट क्रमांक ... ही शासकीय जमीन सामाईक वाहनतळासाठी दर्शवावी, अशी शिफारस सदर ग्रामसभा सर्वानुमते करीत आहे." भावनेची वाक्ये सभेत बोलावीत. ठरावात मात्र गट क्रमांक, मापे आणि जोडपत्रे यांवरच भर द्यावा.

प्रारूप योजना प्रसिद्ध झाली असेल तर जाहीर सूचनेत दिलेल्या मुदतीत हरकती व सूचना दाखल कराव्यात आणि सुनावणीची मागणी त्यातच लिहावी. सामूहिक अर्जाबरोबर प्रत्येक बाधित दुकानदाराचा स्वतंत्र अर्जही द्यावा, कारण सुनावणीत अर्जदाराचेच म्हणणे ऐकले जाते. योजना आधीच मंजूर असेल तर विकास योजनेसाठी कलम ३७ अन्वये आणि प्रादेशिक योजनेसाठी कलम २० अन्वये फेरबदलाचा प्रस्ताव मागावा लागतो. तो वेळखाऊ असतो, पण अशक्य नसतो. संवेदनशील क्षेत्रात ठरावाची प्रत अधिसूचनेनुसार नेमलेल्या देखरेख समितीला आणि व्याघ्र प्रकल्पाच्या स्थानिक सल्लागार समितीलाही पाठवावी. प्रत्येक ठिकाणी पोच घ्यावी. पोच नसलेला अर्ज दिलाच नाही, असे समजून चालावे.

सुनावणीला जाताना दुकानदारांनी स्वतः जावे. आमच्या सुनावणीत चहावाल्या मावशी आल्या होत्या. नकाशावर बोट ठेवून त्यांनी अधिकाऱ्यांना विचारले की गाडी इथे थांबली तर माझा ठेला कुठे येईल. अधिकाऱ्यांनी पट्टी घेऊन अंतर मोजले आणि टिपणात लिहून घेतले. आमच्या आठ पानी निवेदनातील इतर कोणत्याही परिच्छेदाची तशी नोंद झाली नाही.

मंजुरीनंतरचे काम दरवर्षी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात करावे. १ ऑक्टोबरला जंगल उघडण्यापूर्वी बाजाररस्ता पुन्हा फितीने मोजावा, जोडलेले गाळे, बंद गाळे आणि ठरलेल्या जागेबाहेर थांबणाऱ्या गाड्या वहीत नोंदवाव्यात, आणि ती पाने पुढच्या मासिक सभेत ग्रामपंचायत अधिकाऱ्यांच्या हाती पोच घेऊन द्यावीत.